प्लॅनवरून पायपर कब: कागदापासून वावरापर्यंत

रेडिओवर उडणारं पहिलं मॉडेल विमान म्हणून सुखोई किंवा स्पिटफायर बांधायला घेऊ नका. दिसायला देखणी असतात, पण पंख निमुळते आणि वेग जरा उतरला की एका कुशीवर कोलमडतात. नवशिक्याला हवं ते अंगाच्या (मधल्या धडाच्या) वर पंख असलेलं, सरळ पंखाचं, संथ विमान. पायपर जे-३ कब (१९३८ ते १९४७ या काळात बनलेलं, पिवळंधमक) याला तोड नाही. एचएएलचं पुष्पकही त्याच घडणीचं. ते १९५८ साली पहिल्यांदा उडालं आणि आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत वर्षानुवर्षं शिकवण्यासाठी वापरलं गेलं. पण कबचे बांधकामाचे प्लॅन ढिगानं मिळतात, म्हणून खालची सगळी मापं कबची, १:९ प्रमाणातली.

खऱ्या कबचे पंख टोकापासून टोकापर्यंत १०.७४ मीटर, लांबी ६.८३ मीटर. नऊनं भागलं की पंख ११९३ मिमी आणि लांबी ७५९ मिमी. पंखाची रुंदी येते १७८ मिमी. क्षेत्रफळ मात्र नऊनं नाही, ८१नं भागायचं. ते साधारण २०.५ चौरस डेसिमीटर भरतं. बॅटरीसकट तयार विमान ७५० ग्रॅममध्ये बसवायचं. मग ते ताशी २८ किमीच्या आसपासही हवेत टिकतं. तेच ९५० ग्रॅम झालं की ३२ किमीच्या खाली पडतं. चार किमीचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, उतरताना वाटत नाही.

एक हिशेब भिंतीवर लिहून ठेवा. विमानाच्या तोलबिंदूपासून शेपटी सुमारे ४८ सेंमी मागे असते आणि बॅटरी जेमतेम १२ सेंमी पुढे सरकू शकते. म्हणजे शेपटीत वाढलेल्या एका ग्रॅमला नाकात चार ग्रॅम शिसं. लाकूड, डिंक, फिल्म, रंग, शेपटीचं चाक, सगळीकडे हाच हिशेब लागू होतो.

अजून एक अट. हे विमान उडवायला शिकण्यासाठी नाही. आधी सिम्युलेटरवर दहा-बारा तास आणि फोमच्या स्वस्त ट्रेनरवर पंचवीस-तीस उड्डाणं करा. महिनाभर खपून बांधलेल्या चौकटीवर हात बसवू नका.

प्लॅन छापणं

तीन बाजूंचं चित्र म्हणजे प्लॅन नव्हे. त्यात फक्त बाह्यरेषा असतात. बांधकामाच्या प्लॅनवर प्रत्येक रिब (पंखाला छेदाचा आकार देणारी पातळ फळी), आडवी काडी, लाकडाची जाडी दाखवलेली असते. असाच प्लॅन घ्या.

घरच्या प्रिंटरवर ए-४ चे तुकडे काढून चिकटवण्यापेक्षा बांधकामाचे नकाशे काढणाऱ्या प्लॉटरच्या दुकानात एकाच मोठ्या कागदावर छापून घ्या. जळगाव, धुळे, भुसावळ इथं अशी दुकानं आहेत. दुकानदाराला दोनदा सांगा, ‘पानात बसवायचं नाही, शंभर टक्के काढा.’ पानात बसवलं की प्लॅन तीन-चार टक्के आक्रसतो. विमान थोडं लहान झालं तर बिघडत नाही, खाचा आक्रसतात तिथं बिघडतं. ५ मिमीची काडी ४.८ मिमीच्या खाचेत जात नाही, मग ती ठोकताना रिब फुटते. दुकानातच पोलादी पट्टीनं प्लॅनवरची मापरेषा उभी आणि आडवी, दोन्हीकडून मोजा. झेरॉक्सवर मोठा केलेला प्लॅन तर वापरूच नका. त्यात एक बाजू जास्त ताणलेली निघते.

सामान

बाल्साच्या (अगदी हलक्या लाकडाच्या) पट्ट्या ऑनलाइन मागवाव्या लागतात, म्हणून यादी एकदाच नीट करा: १.५ मिमीच्या ३, २ मिमीच्या ४ आणि ३ मिमीच्या ४ शीट (१ मीटर × १० सेंमी), ५ × ५ मिमीच्या १२ काड्या, १.५ आणि ३ मिमी प्लायचा प्रत्येकी वहीच्या पानाएवढा तुकडा, पायांसाठी ३ मिमीची पियानो वायर. फेविकॉल, पातळ आणि मध्यम सायनो (झटपट धरणारा गोंद), पाच मिनिटांचं इपॉक्सी. कापायला मेडिकलमधलं ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड. बोथट ब्लेड बाल्सा कापत नाही, चिरडतं, म्हणून ब्लेड बदलताना हात आखडू नका. खाली सॉफ्टबोर्डचा सपाट पाट, त्यावर प्लॅन, प्लॅनवर पारदर्शक प्लास्टिक, नाही तर विमान प्लॅनलाच चिकटतं.

आता लाकूड तोला. जळगावात सराफी दुकानाला आणि सराफी काट्याला तोटा नाही, पण ०.१ ग्रॅमचा खिशातला काटाही पुरतो. १ मीटर × १० सेंमी × ३ मिमी शीट ३० ग्रॅम भरली तर हलकी, ४८ ग्रॅम भरली तर कडक. प्रत्येक शीटवर पेन्सिलीनं वजन लिहा. हलकी शेपटीला, मधली रिबांना, कडक नाकाला आणि स्पारला (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य काडीला). पाकिटातून जी हाताला येईल ती कापत सुटलात तर सर्वात जड लाकूड हमखास शेपटीत जातं.

शीट उजेडात धरून पाहा. काहींवर चकाकणारे बारीक ठिपके दिसतात. ती आडवी वाकत नाही, रिबांसाठी तीच घ्या. सरळ लांब रेषांची शीट गोलाईवर छान बसते, पण तिची रिब पापडासारखी वाकते.

सायनोची खान्देशात एक गंमत आहे. ते हवेतल्या ओलाव्यावर सुकतं. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी ते रेंगाळतं आणि जुलैत बाटलीतच दगड होतं. बाटली घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत फ्रिजमध्ये ठेवा. वापरण्याआधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा.

अंग

अंगाच्या दोन बाजू म्हणजे ५ मिमी काड्यांच्या दोन चौकटी. पहिली प्लॅनवर टाचण्या लावून बांधा, ती न उचलता वर प्लास्टिक ठेवून दुसरी तिच्यावरच बांधा. टाचणी काडीतून नाही, काडीच्या दोन्ही बाजूंना टोचा. काडीला भोक पडलं की ती तिथूनच मोडते.

मग दोन्ही बाजू आडव्या काड्यांनी जोडायच्या. केबिनचा भाग चौकोनी असतो, तो आधी, गुण्या लावून. शेपटीकडची टोकं शेवटी एकत्र आणायची. इथंच बहुतेकांचं अंग वाकडं होतं, आणि वाकडं म्हणजे कसं, तर वरून पाहिलं की केळ्यासारखं. केळ्याच्या मुलखात राहतो म्हणून म्हणत नाही, जगभर या दोषाला केळंच म्हणतात. कारण साधं आहे. एका बाजूची लांब काडी कडक आणि दुसऱ्या बाजूची मऊ असेल तर मऊ बाजू जास्त वाकते. उपाय आधीच करायचा. चारही लांब काड्या बारांतून एकसारख्या निवडा. प्रत्येकीचं एक टोक टेबलावर दाबून बाकीची बाहेर लोंबू द्या, चारी सारख्याच झुकल्या पाहिजेत. जी कमी झुकते ती बाजूला काढा, तिला पंखात जागा मिळेल. प्लॅनच्या वरच्या चित्रावर मध्यरेषा आखून प्रत्येक आडव्या काडीचा मध्य तिच्यावर येतो का, ते लंब सोडून पाहा. सुकल्यावर सरळ करू म्हणाल तर ते होत नाही.

शेपटीच्या फळ्या हलवणारे सर्वो (छोट्या मोटरी) शेपटीजवळ बसवले की जोडणी सोपी होते, पण वजन मागे जातं. दोन्ही सर्वो पंखाखाली, शक्य तितके पुढे ठेवा. शेपटीपर्यंत २ मिमीची कार्बन काडी किंवा तासलेली बांबूची कामटी न्या आणि मध्ये दोन ठिकाणी तिला आधार द्या. आधार नसेल तर ढकलताना ती धनुष्यासारखी वाकते आणि एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी फळी) अर्धवट हलतो.

शेपटीचे सगळे भाग काड्यांच्या चौकटीचे करा, भरीव शीटचे नकोत. न मढवता १४ ग्रॅम आणि बिजागऱ्या-फिल्मसकट २२ ग्रॅम, याच्या पुढे गेलात तर पुन्हा तासा.

पंख

कबच्या पंखाचा मूळ छेद यूएसए ३५बी. तो खालून जवळपास सपाट असल्यानं पाटावर थेट बांधता येतो. रिबा २ मिमीच्या, ६० मिमी अंतरावर, एका बाजूला अकरा. ३ मिमी प्लायच्या दोन अचूक रिबा साचा म्हणून कापा, त्यांच्यामध्ये बाल्साचे तुकडे बोल्टनं आवळा आणि सगळी चवड एकदम घासा. खाचाही तशाच. सुट्या कापलेल्या अकरा रिबा अकरा तऱ्हेच्या होतात.

वर-खाली दोन स्पार आणि त्यांच्या मध्ये उभ्या रेषांच्या १.५ मिमी बाल्साच्या पट्ट्या, म्हणजे वेब. पट्टीतल्या रेषा उभ्याच हव्यात. आडव्या ठेवल्या तर तिचा उपयोग शून्य. निदान आतल्या अर्ध्या पंखात वेब भरा. पंख हवेत मोडतो तो बहुतेक वेळा मध्याजवळ, वरची स्पार दाबानं मुडपून. वेब तिला मुडपू देत नाही.

दोन्ही पंख मध्यावर १.५ मिमी प्लायच्या जोडपट्ट्या आणि इपॉक्सीनं जोडा. प्रत्येक टोक पाटापासून २० मिमी उचललेलं असू द्या. खऱ्या कबपेक्षा हे थोडं जास्त आहे, पण विमान आपोआप सरळ होण्याकडे झुकतं.

टोकांना पीळ द्यायला विसरू नका. पंखाच्या बाहेरच्या अर्ध्या भागात मागची कड हळूहळू उचलत टोकाला ६ मिमीवर न्या. त्यासाठी बांधतानाच मागच्या कडेखाली उतरती पाचर सरकवून ठेवा. अशानं टोकाला हवा कमी कोनात भेटते. वेग उतरला तर पंखाचा आतला भाग आधी हार मानतो, टोकं शेवटी. एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या हलत्या कडा) टोकांना असतात, म्हणून तोल अखेरपर्यंत हाती राहतो. पीळ दोन्हीकडे सारखा हवा. एकीकडे ६ आणि एकीकडे २ असेल तर विमान जन्मभर एका बाजूला ओढत राहील.

मढवणं

पतंगाचा कागद रबरावर चालणाऱ्या वीस-पंचवीस ग्रॅमच्या विमानाला ठीक, या विमानाला इस्त्रीनं चिकटणारी फिल्म घ्या. २ मीटरचा एक रोल पुरून उरतो. नेहमीच्या फिल्मचं वजन चौरस मीटरला ६०-७० ग्रॅम असतं. हलकी मिळाली तर शेपटीला ती वापरा.

आधी चौकटीवरची सगळी धूळ पुसा, धुळीवर फिल्म धरत नाही. कडा साधारण ११० अंशांना चिकटवा आणि चारी कडा बसल्यावर १४० अंशांच्या आसपास पृष्ठभाग ताणा. फिल्मागणिक आकडे बदलतात, म्हणून आधी टाकाऊ चौकटीच्या तुकड्यावर इस्त्री करून पाहा. पंखाची खालची बाजू आधी, मग वरची. वरची ताणताना पंख पिळला जातो. मागून एका डोळ्यानं पाहा, पीळ बिघडला असेल तर हातानं उलटा पिळून धरा आणि त्याच वेळी फिल्म पुन्हा तापवा.

गडद फिल्म आपल्या उन्हात सैल पडते. एप्रिलच्या दुपारी बंद गाडीत ठेवलेला काळा-लाल पंख संध्याकाळी सुरकुतलेला मिळेल. कब पिवळाच आहे, वाद मिटला. पंखाच्या खालून मात्र दोन रुंद काळे पट्टे द्या. लांबवर गेल्यावर विमान पोट दाखवतंय की पाठ, हे त्यावरूनच कळतं. रंगाचा स्प्रे मारू नका. तो वजनदार असतो आणि शेपटीवर सर्वात जास्त बसतो, कारण शेपटी धरायला सोपी म्हणून तिथंच दोन हात जास्त मारले जातात.

मोटर, तोल, कोन

२२१२ मापाची ९००-१००० केव्ही (व्होल्टमागे मिनिटाला तेवढे फेरे) मोटर, ३० अँपिअरचा स्पीड कंट्रोलर, तीन सेलची १३०० एमएएच लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी (सुमारे ११० ग्रॅम), १० × ४.७ इंची पंखा (प्रॉपेलर), ९ ग्रॅमचे चार सर्वो. मोटर २ अंश उजवीकडे आणि २-३ अंश खाली झुकवून बसवा. नाही तर थ्रॉटल (मोटरचा जोर) दिला की विमान डावीकडे वळतं आणि नाक वर करतं. बॅटरी हलवता येईल अशी चिकटपट्टीवर ठेवा.

तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे मोजायचा: ४५ ते ५३ मिमी. पहिल्या उड्डाणाला ४५ घ्या. दोन बोटांवर पंख टेकवा, नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. बॅटरी सर्वात पुढे नेऊनही शेपटी खाली जात असेल तर नाकात शिसं घाला, कुरकुर न करता. पुढे जड विमान कंटाळवाणं उडतं, मागे जड विमान एकदाच उडतं.

हालचाल कडेशी मोजा: एलेव्हेटर १० मिमी वर-खाली, रडर (शेपटीची उभी फळी) २० मिमी दोन्हीकडे, एलेरॉन १२ मिमी वर पण ६ मिमीच खाली. खाली गेलेला एलेरॉन वाऱ्याला जास्त अडवतो आणि नाक उलट्या बाजूला खेचतो, म्हणून हा दुजाभाव. एक्स्पो (काठीच्या मध्याजवळ हालचाल सौम्य करणारी रेडिओतली सोय) ३० टक्के.

ही सगळी जुळवाजुळव पंखा काढून करा. फिरणारा १० इंची पंखा बोट कापतो.

वावर आणि वेळ

आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनसाठीचा नकाशा उघडा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचं विमान मायक्रो गटात येतं. छंदासाठी उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण हिरव्या भागातच आणि १२० मीटरच्या खाली राहायचं. विमानतळापासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर होते. जळगावचं विमानतळ चालू आहे, शिरपूरच्या धावपट्टीवर प्रशिक्षणाची विमानं उडतात. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणींच्या आसपास तर विमान पेटीतूनही काढू नका. दीपनगरहून निघणाऱ्या उच्च दाबाच्या तारांपासूनही लांब राहा.

रब्बी निघाल्यावरचं मोकळं वावर चांगलं, पण कपाशीचं नको. उपटायच्या राहिलेल्या पऱ्हाट्या फिल्ममधून आरपार जातात. काळ्या मातीत ढेकळं आणि भेगा असतात, चाक अडकून विमान नाकावर उलटतं. बरड माळ किंवा गावाचं क्रीडांगण बरं. काहीच नसेल तर १५ × ३ मीटरची हिरवी शेडनेट खुंट्या ठोकून ताणून बसवा, झकास धावपट्टी होते. चाकं मापापेक्षा थोडी मोठी, ६० मिमीची घ्या. केळीच्या बागेपासून निदान दोनशे मीटर लांब.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उजाडल्यापासून नऊपर्यंत, ही खरी वेळ. एप्रिल-मेमध्ये दहानंतर वावटळी उठतात. ७५० ग्रॅमचं विमान त्यात सापडलं तर काड्या वेचाव्या लागतात. शिवाय ४५ अंशांत हवा हिवाळ्यातल्या सकाळपेक्षा सुमारे एक दशांश विरळ असते, त्याच विमानाला धावायलाही जास्त लागतं आणि उतरतंही जास्त वेगानं. जून ते ऑगस्टमध्ये साक्रीकडे वाराच एवढा असतो की ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या आहेत. ते दिवस बांधकामाचे.

उड्डाण

पंखा लावण्यापूर्वी: रेडिओ (हातातला रिमोट) कमी शक्तीच्या पद्धतीत ठेवून तीस पावलं मागे जा, सगळं हललं पाहिजे. रेडिओ बंद करा, थ्रॉटल शून्यावर गेला पाहिजे. मग विमानाच्या मागे उभं राहून रेडिओवरची काठी उजवीकडे ढकला. उजवा एलेरॉन वर आला पाहिजे. ही तपासणी डोळ्यांनी नाही, तोंडानं मोठ्यानं बोलून करा. उलटे जोडलेले एलेरॉन जमिनीवर अगदी बरोबर दिसतात.

वाऱ्याकडे तोंड. एलेव्हेटर थोडा वर धरून थ्रॉटल हळूहळू, तीन-चार सेकंदांत वाढवा. एकदम दिला तर विमान डावीकडे गर्रकन फिरतं. शेपटी हलकी होऊन उचलू लागली की एलेव्हेटर सोडा, रडरनं सरळ धरा. उचललं की चढ कमी ठेवा, कब रॉकेटसारखा चढायला बनलेला नाही. विजेच्या चार-पाच खांबांएवढी उंची आली की थ्रॉटल निम्म्यावर आणा आणि मगच ट्रिम (काठी सोडली तरी विमान सरळ राहील अशी बारीक जुळणी) करा.

तिथंच एकदा थ्रॉटल बंद करून नाक हळूहळू वर धरा. वेग संपला की विमान काय करतं, सरळ नाक टाकतं की एका बाजूला पडतं, हे उंचावर बघून घ्या. बाजूला पडत असेल तर उतरताना वळणं मोठी आणि वेगानं घ्या, घरी येऊन पीळ मोजा. एलेव्हेटरला जरा हात लावला की विमान उड्या मारत असेल तर तोल मागे आहे. खेळत बसू नका, थेट उतरवा आणि बॅटरी ५ मिमी पुढे करा.

विमान अंगावर येताना डावं-उजवं उलटतं. तेव्हा विचार करायचा नाही, जो पंख खाली पडतोय त्याच्याकडे काठी ढकलायची.

घड्याळ सहा मिनिटांवर लावा. उतरताना शेवटचं वळण उंचावर पूर्ण करा. सर्वाधिक विमानं याच वळणावर पडतात: वाऱ्याच्या पाठीवर विमान वेगात दिसतं, आपण थ्रॉटल काढतो, वळणात एलेव्हेटर ओढतो आणि आतला पंख गळतो. थोडा थ्रॉटल ठेवून सरळ या. गुडघ्याएवढ्या उंचीवर तो काढा आणि नाक हळूच उचला.

घरी आल्यावर बॅटरी सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, डिकीत ठेवू नका. फुगलेली लिपो पुन्हा चार्ज करायची नाही. चार्जिंग १.३ अँपिअरवर, मातीच्या कुंडीत, शेजारी कोरड्या वाळूची बादली, आणि समोर माणूस.

एवढं करूनही विमान केळीच्या बागेत गेलंच, तर आधी थ्रॉटल शून्यावर आणा आणि जागचे हलू नका. जिथं दिसेनासं झालं त्या दिशेचं एक झाड किंवा खांब हेरा. सोबत्याला तुमच्या जागी उभं करा, त्यानं त्याच खांबाकडे हात धरून ठेवायचा. तुम्ही त्या रेषेत चालत जा. बागेत शिरलात की ओळी सगळ्या सारख्याच दिसतात, बाहेरून आवाज देणारा माणूसच दिशा सांगतो. रिसीव्हरला पाच ग्रॅमचा बझर जोडलेला असेल तर रेडिओ बंद करा, तो वाजू लागतो. ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नका, बागवानाला आधी विचारा, आणि विमान हाती आलं की पहिल्यांदा बॅटरी काढा.